वाचलेलं कळेनासं झालं ते वर्ष

आमच्या घरात सगळ्यांचे हात कामात असायचे आणि कान मोकळे, म्हणून अण्णाला वाचायला बसवायचे. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ प्रशांत. मैसूरच्या अग्रहारातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत दोन शिलाई मशिनी होत्या. एकीवर आप्पा, दुसरीवर आई, आणि दाराशी चटई टाकून आत्या. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच असायची आणि ब्लाउजांना हुक लावायची, फॉल टाचायची. संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात आरतीची घंटा झाली की आप्पा दोन मशिनींच्या मधल्या स्टुलाकडे हनुवटीनंच खूण करायचे आणि म्हणायचे, "बा, ये, बस रे." अण्णा पुस्तक घेऊन यायचा. दोन मशिनींच्या खडखडाटावरून ऐकू जायचं म्हणजे आवाज चढवावा लागे, त्यामुळे त्याचं वाचन थेट रस्त्यापर्यंत पोचायचं आणि माप द्यायला आलेल्या बायका काम झाल्यावरही पायरीवर टेकून राहायच्या. मी आत चुलीपाशी हुळीला, म्हणजे आमच्याकडच्या आंबट आमटीला, फोडणी देत असले तरी गोष्ट कुठं आली ते मला कळायचं, कारण गोष्ट रंगात आली की आप्पांचं पायडल मंद व्हायचं, आणि अगदी जिवावर बेतलं की दोन्ही मशिनी थांबायच्या.

तो काहीही वाचायचा. वाचनालयातल्या जाडजूड कन्नड कादंबऱ्या, खुनाच्या गोष्टी, एकादशीला मराठी पोथी, काहीच नसलं तर वर्तमानपत्रातला अग्रलेख. आमचं मराठी निम्मं कन्नड, त्यामुळे पोथीतले शब्द आईलाही अडायचे. अण्णाला अडायचे नाहीत, किंवा अडले तरी तो पुढचं-मागचं बघून त्यांचा अर्थ लावायचा. मधेच थांबवायचा हक्क सगळ्यांना होता आणि आत्या तो पुरेपूर वापरायची. "थांब रे, थांब. ती बाई रडली कशाला? आत्ता हसत होती अल्ला, नाही का?" अण्णा पुस्तक मांडीवर उपडं ठेवायचा. "आत्या, ती हसली ते सासूसमोर. मागं तिनं नवऱ्याला खोटं सांगितलंय, ते तुला आठवतं? ते सासूला कळलंय हे तिला आत्ता कळलं." मग त्यावर वाद. आई सासूच्या बाजूनं, आत्या सुनेच्या, आणि अण्णा ज्याच्या बाजूनं कुणीच नसेल त्याच्या. खुनाच्या गोष्टीतल्या खुन्याचीही बाजू तो इतकी नीट मांडायचा की आप्पा कात्री हातात धरून ऐकत राहायचे. "हा लॉयर होणार, नोडु, बघ तू," आत्या म्हणायची. ते तिनं इतक्या वेळा म्हटलं की घरात ते ठरूनच गेलं. अण्णालाही तेच हवं होतं. वाचून झालं की आई त्याला कोडबळी द्यायची. वाचताना द्यायची नाही, कारण तोंडात घास असला तर शब्द अर्धा येतो, असं तिचं म्हणणं.

फोन आमच्याकडे ब्लाउजांच्या गळ्यांमुळे आला. नव्या वस्तीतल्या बायका पूर्वी येऊन हातानं दाखवायच्या, इतका खोल, असा गोल. नंतर त्या फोटो पाठवायला लागल्या. आप्पांना त्या काचेवर बोट कसं फिरवायचं तेच जमेना, म्हणून फोन अण्णाकडे आला. तो तेव्हा पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला होता, मी हायस्कुलात. आधी तो शिवून झालेल्या ब्लाउजांचे फोटो टाकायचा. मग एका रविवारी दुपारी, काम कमी होतं म्हणून, तो भिंतीवर टांगलेल्या ब्लाउजांसमोर उभा राहिला आणि नुकतीच वाचून संपवलेली एक कादंबरी त्यानं कन्नडात सांगितली. फोन मी धरला होता. मिनिटभराचा तो व्हिडिओ. त्यानं तो टाकला, आणि दुसऱ्या दिवशी मंड्याची, हासनची, कुठकुठची माणसं त्याला 'छान' म्हणत होती. पुढच्या आठवड्यात माप द्यायला आलेली एक मुलगी आप्पांना म्हणाली, "पुस्तकं सांगणारा तो हुडुगा इथंच राहतो ना?" आप्पांनी तिच्या ब्लाउजाला अस्तर घातलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

आम्ही सगळे खूश होतो, हे मला आज स्पष्ट लिहायला हवं. आत्या त्याचा शर्ट इस्त्री करून ठेवायची. आई मागचे ब्लाउज रंगसंगतीनं लावायची. लोक खाली लिहायचे ते अण्णा आम्हाला वाचून दाखवायचा. कुणीतरी लिहिलं होतं, 'अण्णा, तुमच्यामुळे ही पुस्तकं वाचायची गरजच उरली नाही.' तेही त्यानं मोठ्यानं वाचलं आणि आम्ही सगळे हसलो, आप्पासुद्धा.

पुढं काय होत गेलं ते हळूहळू झालं, आणि माझ्या डोळ्यांसमोर झालं. आधी तो अख्खं पुस्तक वाचून सांगायचा. मग लोक रोज काहीतरी मागायला लागले, तेव्हा सुरुवात आणि शेवट वाचून सांगायला लागला. मग दुसऱ्या कुणीतरी त्याच पुस्तकावर केलेले व्हिडिओ बघून सांगायला लागला. ते बघता बघता पुढचं काहीतरी यायचं, त्याच्यापुढं आणखी काहीतरी, आणि सांगायचं राहूनच जायचं. स्टुलावर बसायची वेळ झाली की "आज बेड, नको आप्पा, व्हिडिओ टाकायचाय," असं तो म्हणायचा. आप्पा बरं म्हणायचे. स्टूल तिथंच असायचं. आईनं त्याच्यावर कापडाचे गठ्ठे ठेवायला सुरुवात केली. मशिनींच्या आवाजात आता तुकडे ऐकू यायचे: अर्धं गाणं, कुणाचं तरी खदाखदा हसणं, कुणीतरी रागावून बोलायला लागलेलं आणि तोडलेलं, पुन्हा तेच अर्धं गाणं. काही दिवसांनी तर आईकडेही फोन आला, आणि पुढं माझ्याकडे तिचा जुना. प्रत्येक खोलीतून वेगळे तुकडे. त्यातल्या एकानंही आप्पांचं पायडल कधी मंद झालं नाही.

पहिल्यांदा लक्षात आलं ते आत्याच्या. अण्णानं एका बाईच्या आयुष्यावरच्या कादंबरीचा व्हिडिओ केला होता; ती बाई शेवटी घर सोडून जाते. आत्यानं तो चार जणींना दाखवला आणि हुक लावता लावता त्याला विचारलं, "काय रे, ती घर सोडून गेली ते कशानं? नवरा तर तिचा चांगलाच होता म्हणालास."

"कंटाळली असेल," अण्णा म्हणाला. फोनवरून डोळे न काढता.

"कंटाळून कुणी लेकराला टाकून जातं?"

"जातात आत्या. असतात तशा."

"तू वाचलंस का ते पुस्तक?"

अण्णा पुढचा व्हिडिओ बघायला लागला. आत्यानं दोरा दातानं तोडला आणि पुढचं हुक घेतलं. पण त्यानंतर तिनं त्याचे व्हिडिओ कुणाला दाखवले नाहीत, आणि अण्णाला ते कळलं असावं, कारण तो तिच्या चटईपाशी बसेनासा झाला.

कायद्याच्या प्रवेशपरीक्षेत मोठमोठे उतारे असतात. ते इंग्रजीत वाचायचे आणि त्यांवरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. बाकी पाठांतर फारसं नाही. आम्हाला सगळ्यांना वाटलं, ही तर अण्णासाठीच काढलेली परीक्षा. आमच्याच गल्लीत मूर्ती सर म्हणून कॉलेजातून निवृत्त झालेले इंग्रजीचे मास्तर राहायचे. त्यांच्या घरी तो दुसऱ्या वर्षी जायला लागला. मलाही इंग्रजी सुधारायला त्याच्याबरोबर पाठवत. सरांच्या अंगणात चिक्कूचं झाड होतं, त्याखाली बाक. पहिल्याच आठवड्यात सरांनी एका तळ्यावरचा उतारा दिला. गावाबाहेरचं जुनं तळं बुजवून तिथं बसस्टँड करावा की नाही, असं काहीतरी. अण्णानं तो झरझर वाचला आणि उत्तर दिलं की बुजवावं असं लेखकाचं मत आहे.

सर म्हणाले, "कुठं म्हणतो तो असं?"

अण्णानं बोट ठेवलं. सर कन्नडातच बोलायचे. "बरोबर. इथपर्यंत तो दुसऱ्यांचं मत सांगतो. पुढं काय शब्द आहे?"

"परंतु."

"मग?"

अण्णा वाचत राहिला. मला वाटलं आता तो मान वर करून हसेल आणि लेखकाची बाजू मांडायला लागेल. त्यानं मान वर केली ती दुसरीकडेच बघायला. "सर, हे इंग्रजी जरा जुन्या पद्धतीचं आहे," तो म्हणाला.

पुढचे कितीतरी महिने तेच. वाक्यात 'परंतु' यायचा आणि त्याच्या पुढचं वाचायच्या आत अण्णा निघून गेलेला असायचा. त्याला शब्द माहीत होते. अर्थ विचारले तर खडाखडा सांगायचा. उताऱ्यातला एखादा शब्द उत्तराच्या पर्यायात दिसला की तेच उत्तर म्हणायचा. मी आता शाळेत शिकवते, मैसूरातच, आणि माझ्या वर्गातली मुलं नेमकं हेच करतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधतात, तो सापडला की ते वाक्य उतरवून काढतात, आणि मी वाक्याचा अर्थ विचारला की माझ्याकडे अशी बघतात जणू मी त्यांना फसवलं. सहकारी म्हणतात, वय आहे, सुधारतील. मी याच्याहून पुष्कळ वरून खाली येताना एकाला बघितलंय.

संक्रांतीच्या महिनाभर आधी अण्णानं स्वतः फोन आप्पांच्या हातात दिला. "कपाटात ठेवा. मी मागितला तरी देऊ नका." आईचं माहेर मैसूरजवळच्या वरुणा गावात. तिकडं पूर्वी संस्थानाच्या फौजेत असलेली आणि नंतर शेतीत पडलेली मराठी घरं आहेत, त्यांतलं एक. तिथं माझा मामा भात आणि ऊस लावायचा, गाई पाळायचा. अण्णा पिशवीत पुस्तकं भरून तिकडं गेला. मामा म्हणाला होता, "पाठवा त्याला. गाय विकत आणली की पहिले दिवस तीसुद्धा दावं ओढते, मग रमते." आम्ही सगळ्यांनी ते वाक्य धरून ठेवलं. आप्पांनी गणपतीला नारळ ठेवला. आई म्हणाली, डोकं आहेच रे त्याचं, फक्त जरा धूळ बसलीय.

संक्रांतीच्या दिवशी मी आणि आई एळ्ळू-बेल्ल, म्हणजे आमचा तीळगूळ, घेऊन बसनं वरुणाला गेलो. सुगी नुकतीच संपली होती. खळ्यात भाताच्या पेंढ्याच्या गंजी, आणि गावभर अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचा तो उग्र वास, हिवाळ्यात आमच्याकडे प्रत्येक घरात असतो तो. अण्णा खळ्याच्या कडेला पेंढ्याला पाठ लावून बसला होता, मांडीवर पुस्तक. दुरून बघताना आई मला म्हणाली, "बघ, बसलाय की वाचत," आणि ती इतक्या लगबगीनं चालायला लागली की तिची चप्पल मागं राहिली.

जवळ गेल्यावर आम्हाला दिसलं. पुस्तक कन्नड होतं, पूर्वी त्यानं घरी वाचून दाखवलेलं होतं. त्याचे डोळे पानावर होते. आणि पानाच्या कडेवर त्याच्या उजव्या हाताचा अंगठा खालून वर सरकत होता. सरकायचा, परत खाली यायचा, पुन्हा सरकायचा. त्याला ते माहीतच नव्हतं. आईनं ते पाहिलं आणि ती खाली बसली. तिनं पुस्तक बाजूला केलं नाही, काही विचारलं नाही, त्याचा तो अंगठा आपल्या मुठीत घट्ट धरला, लहान मूल रस्त्यात पळू नये म्हणून धरावं तसा. अण्णा दचकला.

"जेवलास का?" आई म्हणाली.

"जेवलो. नाचणीची मुद्दे केली होती मामीनं."

आई तिळाची पुडी घेऊन घरात गेली तेव्हा तो मला म्हणाला, "लली, मी एक पान वाचतो. तू विचार. आत्या विचारायची तसं." मी त्याच्या शेजारी बसले. त्यानं मोठ्यानं वाचलं. आवाज तोच, थांबायच्या जागा त्याच, ऐकताना मला आमची पुढची खोली आठवली आणि बरं वाटलं. पान संपलं. मी सोपंच विचारलं, "तो म्हातारा दार का उघडत नाही?"

अण्णानं डोळे मिटले. मामा गोठ्यात गाईला हाक मारत होता.

"म्हातारा होता का त्यात?" त्यानं विचारलं.

मला वाटलं थट्टा करतोय. मी हसले. तो हसला नाही. "वाक्य सुरू होतं तेव्हा मी तिथं असतो, ग," तो म्हणाला. "संपतं तेव्हा नसतो. कुठं जातो ते कळत नाही. फोन तर कपाटात आहे. इथं सिग्नलसुद्धा धड नाही. मला आठवणसुद्धा येत नाही त्याची. तरी जातो."

"इंग्रजी नाही ना हे. दमला असशील."

"सकाळी ताजा असतो तेव्हा वाचलं. गाई धुऊन येऊन वाचलं. मोठ्यानं वाचलं, लिहून काढलं." त्यानं पुस्तक मिटलं. "पहिल्यांदा वाटलं फोन ठेवला की ते परत येईल. जसं ताप उतरला की भूक येते तसं. आता इतके दिवस झाले, ताप नाही आणि भूकही नाही."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. येईल, असंच काहीतरी बोलले असेन. त्या दिवशी मामीनं अवऱ्याचं सारू केलं होतं, मामानं खळ्यात गाई सजवून आणल्या, संध्याकाळी तिकडच्या रिवाजाप्रमाणे पेटलेल्या पेंढ्यावरून त्यांना पळवलं, आणि अण्णा सगळ्यांबरोबर ओरडत होता, हसत होता. परतीच्या बसमध्ये आईनं वरुणा मागं पडू दिलं. मग म्हणाली, "आप्पांना अंगठ्याचं सांगू नकोस." मी सांगितलं नाही. पण आप्पांना ठाऊक होतं, असं मला आज वाटतं, कारण अण्णा परत आल्यावर त्यांनी त्याला एकदाही वाचायला बस म्हटलं नाही, आणि फोन न मागताच कपाटातून काढून मशिनीवर ठेवला. अण्णानं तो घेतला. उन्हाळा लागेपर्यंत तो रोज सरांकडे जात राहिला. सर हळूहळू छोटे उतारे द्यायला लागले. शेवटी शेवटी तर चार-चार ओळींचे.

अण्णा आज मेटगळ्ळीतल्या एका कारखान्यात आहे, पाळीत काम करतो. वाईट चाललेलं नाही. घरी येतो, आंघोळ करतो, फोन घेऊन आडवा होतो. त्याचे व्हिडिओ त्यानं केव्हाच काढून टाकले. आत्या आहे, डोळ्यांनी अधू झाली आहे, आणि आता तिला कुणीतरी वाचून दाखवायला हवं. मी कधीतरी बसते, पण दोन पानांवर माझंही लक्ष टिकत नाही, आणि तिनं मधे काही विचारलं की मला मागची पानं चाळावी लागतात. तिनं विचारणं सोडलंय. घरातल्या कुणी कुणाला दोष दिला नाही. दोष द्यायला निदान काय घडलं ते नीट कळावं लागतं.

परीक्षेच्या दिवसाचं तेवढं लिहिते. केंद्र मैसूरातच होतं, एका कॉलेजात. आप्पांनी त्या दिवशी मशीन बंद ठेवली, आणि मी आणि ते त्याला सोडायला गेलो आणि तिथंच थांबलो. रस्त्याच्या पलीकडे गुलमोहराच्या सावलीत कितीतरी आईबाप उभे होते. आप्पांच्या हातात ताकाची बाटली होती, ऊन लागू नये म्हणून त्यांनी ती ओल्या रुमालात गुंडाळली होती आणि सारखी या हातातून त्या हातात घेत होते. शेजारच्या एका बाईंना त्यांनी आपणहून सांगितलं, "माझा मुलगा लहानपणापासून वाचतो." बाई म्हणाल्या, "आमचीही वाचायची."

घंटा झाली, फाटक उघडलं. मुलं बाहेर यायला लागली आणि बहुतेकांनी पायरी उतरायच्या आधीच फोन चालू केले. अण्णा उशिरा आला. शर्ट पाठीला चिकटलेला. आप्पांनी बाटली उघडून पुढं केली. तो उभ्या उभ्या सगळं ताक प्यायला आणि तोंड पुसलं.

"कसं गेलं?" आप्पांनी विचारलं.

"दुसऱ्या उताऱ्यापाशी थांबलो," अण्णा म्हणाला. "परत परत वाचला. मग वर बघितलं. सगळा हॉल बघितला, आप्पा. निम्मी पोरं माझ्यासारखीच बसली होती. पानाकडे बघत. कुणाचंच पान उलटत नव्हतं."

आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे रे. एका परीक्षेनं काय होतं? पुढच्या वर्षी परत बसू. वर्षभर आहे की अभ्यासाला."

अण्णानं मान हलवली. आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. गिऱ्हाइकाला ब्लाउज या तारखेला होणार नाही असं आप्पा सांगतात, तसं त्यानं सांगितलं.

"नको, आप्पा. पुढच्या वर्षी याहून कमी कळेल."

आप्पांनी रिकामी बाटली त्याच्या हातातून घेतली आणि ऑटोला हात केला.